पैसा कशावर मोजला जातो, ते आधी पाहा

एका क्रीडा संकेतस्थळाच्या सहसंपादकांचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षिप्त करून देत आहे.

"आमचे संकेतस्थळ लहान आहे. सामन्यांच्या बारकाईने केलेल्या विश्लेषणासाठी लोक आम्हाला ओळखत. मालकी बदलल्यापासून रोज सकाळी कोणाच्या लेखाला किती वाचने मिळाली याचा तक्ता सर्वांना पाठवला जातो, आणि बाहेरच्या लेखकांचे मानधनही वाचनसंख्येवर ठरते. एखादी अफवा घेऊ नये असे मी म्हटले, तर 'बाकी सगळ्यांनी घेतली आहे' असे उत्तर मिळते. आता एका बेटिंग कंपनीशी करार ठरतो आहे. सामन्यापूर्वीच्या प्रत्येक लेखात त्यांचे बेटिंगचे भाव आणि दुवा द्यायचा, आणि आमच्या दुव्यावरून गेलेल्या ग्राहकांपासून कंपनीला जे उत्पन्न होईल त्यातला वाटा आम्हाला मिळणार. लेखावर 'जाहिरात' असे लिहायचे नाही, कारण तसे लिहिले की लोक दुवा उघडत नाहीत, असे विक्री विभाग सांगतो. काय लिहायचे हे आम्ही तुम्हाला कधीच सांगत नाही, असे व्यवस्थापनाचे म्हणणे आहे, आणि ते खोटे नाही. मग मी एवढा अस्वस्थ का आहे? पगार व्हायला हवेत हे मलाही कळते. रेषा कुठे आखू? आणि ती आखता आली नाही, तर नोकरी सोडावी का?"

सप्रेम नमस्कार,

तुमच्या अस्वस्थतेचे कारण तुमच्याच पत्रात आहे. व्यवस्थापनाच्या ज्या वाक्यापुढे तुम्ही निरुत्तर होता, त्याच वाक्यात ते सापडते. "काय लिहायचे हे आम्ही सांगत नाही" हे विधान बहुधा प्रामाणिक असते. जाहिरातदाराने फोन करून अमुक बातमी काढा म्हणून सांगितल्याचे प्रसंग घडतात, पण क्रीडा ब्लॉगांचा संपादकीय दर्जा ज्या कारणांनी खालावतो त्यांत अशा प्रसंगांचा वाटा लहान आहे. उघड हुकूम आला तर संपादकाला तो ओळखता येतो, नाकारता येतो, निदान त्याविषयी सहकाऱ्यांशी बोलता तरी येते. अधिक टिकाऊ दबाव येतो तो मोजमापातून. पान किती वेळा उघडले, जाहिरात किती वेळा दिसली, दुवा किती जणांनी दाबला, किती नवे ग्राहक कंपनीकडे गेले, त्या ग्राहकांनी किती गमावले, किती वाचकांनी वर्गणी भरली, यांपैकी ज्या आकड्यावर संस्थेला पैसा मिळतो त्या आकड्याच्या दिशेने लिखाण हळूहळू झुकत जाते, आणि त्यासाठी कोणालाही तोंड उघडावे लागत नाही. म्हणून रेषा कुठे आखावी हे ठरवण्याआधी संस्थेचा एकेक उत्पन्नस्रोत समोर घ्या आणि त्याचा पैसा नेमका कशावर मोजला जातो ते पाहा.

डेडस्पिनचे उदाहरण यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटते. २००५ मध्ये सुरू झालेल्या या अमेरिकी क्रीडा ब्लॉगने संघांची, खेळाडूंची वा प्रक्षेपण वाहिन्यांची मर्जी न राखता लिहिण्याबद्दल नाव कमावले होते. जानेवारी २०१३ मध्ये महाविद्यालयीन अमेरिकन फुटबॉलमधील एका अत्यंत लोकप्रिय खेळाडूच्या दिवंगत प्रेयसीची कहाणी या ब्लॉगने तपासून पाहिली आणि अशी कोणी स्त्री अस्तित्वातच नव्हती हे दाखवून दिले. नामांकित वृत्तसंस्थांनी तोवर ती कहाणी न पडताळता छापली होती. पुढे मूळ कंपनी गॉकर मीडिया २०१६ मध्ये एका खटल्याच्या निकालानंतर दिवाळखोरीत गेली, तिची संकेतस्थळे आधी एका प्रक्षेपण कंपनीकडे आणि २०१९ मध्ये एका खासगी गुंतवणूक कंपनीकडे गेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये एका विमा कंपनीच्या मोहिमेसाठी पानांवर आपोआप, आवाजासकट सुरू होणाऱ्या चित्रफिती लावण्यात आल्या. वाचक वैतागले. संपादकांनी वाचकांना तक्रार कुठे करावी हे सांगणारी नोंद प्रसिद्ध केली, व्यवस्थापनाने ती काढून टाकली, केवळ खेळाविषयीच लिहावे असा लेखी आदेश निघाला, प्रभारी संपादकाला कामावरून काढण्यात आले, आणि काही दिवसांतच संपादकीय विभागातील सर्वांनी राजीनामे दिले.

या घटनेची चर्चा बहुतेक वेळा "फक्त खेळाविषयी लिहा" या आदेशाभोवती फिरते. मला त्याआधीचा टप्पा अधिक महत्त्वाचा वाटतो. विमा कंपनीला कोणत्याही लेखाबद्दल आक्षेप नव्हता. मोहीम ठरावीक कोट्यवधी वेळा दाखवली जावी असे ठरले होते, आणि संकेतस्थळांच्या नेहमीच्या वाचनातून एवढी संख्या गाठणे अवघड होते. विक्री विभागाने वाचकांचे जेवढे लक्ष विकले होते तेवढे प्रत्यक्षात उपलब्ध नव्हते, आणि ही तूट भरून काढण्याचा भार वाचनाच्या अनुभवावर पडला. वाचकाने तक्रार केली तर ती दाबावी लागली. तक्रार दाबण्याला संपादकांनी विरोध केला तर संपादकांना आवरावे लागले. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून निघाली. म्हणून तुम्ही बैठकीत विचारण्याजोगा पहिला प्रश्न असा आहे: आपण जाहिरातदाराला जी संख्या देऊ केली आहे, ती आपल्या आजच्या वाचकांतून पूर्ण होते का? होत नसेल, तर तो करार संपादकीय विभागाला न विचारता संपादकीय विभागाच्याच खात्यावर झाला आहे.

आता तुमच्या सकाळच्या तक्त्याकडे येतो. वाचनसंख्या मोजणे यात मला काही गैर दिसत नाही. लोक काय शोधत आहेत हे कळणे ही संपादकासाठी मोलाची माहिती आहे. २०११ मध्ये हफिंग्टन पोस्ट या अमेरिकी वृत्तसंकेतस्थळाने सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना, किती वाजता सुरू होणार एवढेच सांगणारे पान प्रसिद्ध केले, कारण असंख्य लोक तोच प्रश्न शोधयंत्रात टाइप करत होते. त्या पानाची पत्रकारांमध्ये बरीच टिंगल झाली. मला ती टिंगल पटत नाही. वाचकाला एक प्रश्न होता आणि पानाने त्याचे खरे उत्तर दिले. सामन्याची वेळ सांगण्यात कमीपणा कसला? बिघाड सुरू होतो तो ज्या प्रश्नाला आज उत्तरच नाही तो प्रश्न मथळ्यात ठेवण्यापासून. "अमुक खेळाडू निवृत्त होणार का?" या मथळ्याखाली त्याविषयी कोणालाही काहीही ठाऊक नसल्याचे सहाशे शब्दांत सांगितलेले असते, आणि वाचनसंख्येच्या तक्त्यात हा लेख त्या दिवशीच्या सर्वोत्तम विश्लेषणाच्या वर बसतो. तक्त्याला या दोन लेखांतला फरक दिसत नाही. फरक दिसतो तो वाचकाला, आणि तो काही महिन्यांनी, येणे बंद करून, व्यक्त होतो.

वाचनसंख्येवर मानधन ठरवले की हा दबाव प्रत्येक लेखकाच्या घरात पोहोचतो. दुखापतीची बातमी पडताळण्यासाठी दोन तास घालवणारा लेखक आणि ती तशीच उचलून पाच मिनिटांत टाकणारा लेखक यांत दुसऱ्याला जास्त पैसे मिळतात, कारण पहिल्या अर्ध्या तासातच शोधयंत्रावरून येणारे बहुतेक वाचक वाटून गेलेले असतात. अशा व्यवस्थेत पडताळणी करणे म्हणजे स्वतःच्या खिशातून पैसे देणे होय. ब्लीचर रिपोर्ट या अमेरिकी क्रीडा संकेतस्थळाच्या सुरुवातीच्या वर्षांत एकेका चित्राला एकेक पान असलेल्या याद्यांचा सुळसुळाट होता, आणि त्यामागचा हिशेब सरळ होता: वाचकाने दहा वेळा पुढे दाबले की दहा पाने मोजली जातात. मात्र याच संस्थेची पुढची वाटचाल मला आवर्जून सांगाविशी वाटते, कारण व्यापारी दबाव नेहमी खालीच ओढतो असा समज तुमच्या पत्रात डोकावतो. मोठे जाहिरातदार आणि मोठे खरेदीदार मिळवायचे तर नाव स्वच्छ हवे हे तिथल्या व्यवस्थापनाच्या ध्यानात आले, पगारी आणि अनुभवी लेखक नेमले गेले, आणि २०१२ मध्ये टर्नर या प्रक्षेपण कंपनीने ते संकेतस्थळ विकत घेतले. प्रतिष्ठेलाही बाजारभाव असतो, आणि व्यवस्थापनाशी बोलताना तुमचे हे सर्वांत भक्कम अस्त्र आहे.

तक्ता बंद करा अशी मागणी करू नका. ती मान्य होणार नाही आणि ती पूर्णपणे योग्यही नाही. त्यात काय मोजले जाते ते बदलण्याची मागणी करा. महिन्याभरात पुन्हा पुन्हा येणारे वाचक किती, शोधयंत्राच्या मदतीशिवाय थेट येणारे किती, लेख शेवटपर्यंत वाचणारे किती, आणि प्रसिद्ध झाल्यानंतर किती लेखांत दुरुस्ती करावी लागली, हे आकडे त्याच तक्त्यात यावेत. व्यक्तिवार क्रमवारी काढून विषयवार आकडे द्यावेत. बाहेरच्या लेखकांना प्रत्येक लेखामागे निश्चित मानधन मिळावे. वाचनावर काही द्यायचेच असेल तर ते वरून द्यावे आणि लहान ठेवावे.

अफवांच्या बाबतीत "बाकी सगळ्यांनी घेतली आहे" या उत्तराशी वाद घालण्यापेक्षा एक पद्धत घालून द्या. खेळाडू क्लब बदलणार असल्याच्या बातम्या साखळीने पसरतात. पहिल्या दैनिकाने "क्लबला रस असल्याचे समजते" असे लिहिलेले असते, दुसरा त्याच्या हवाल्याने "बोलणी सुरू" लिहितो, तिसऱ्याकडे पोहोचेपर्यंत "करार अंतिम टप्प्यात" येतो, आणि या सर्व प्रवासात नवी माहिती एक अक्षरभरही मिळालेली नसते. बदलते ते फक्त क्रियापद. तुमच्या डेस्कने मूळ बातमी शोधून ती कोणी आणि कधी दिली हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे, मूळ बातमीपेक्षा जोरकस क्रियापद वापरू नये, आणि क्लबकडे किंवा खेळाडूच्या प्रतिनिधीकडे विचारणा केली का, उत्तर आले का, तेही सांगावे. एवढे केल्यावर अफवेवर लिहिण्यालाही अर्थ येतो, कारण तिच्याभोवती पडताळता येण्याजोगे पुष्कळ काही असते. खेळाडूचा करार कधी संपतो? फिफाच्या नियमांनुसार करार संपायला सहा महिने किंवा त्याहून कमी काळ उरला असेल तर व्यावसायिक खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो. मग ज्या खेळाडूविषयी बोलले जाते तो या मुदतीत बसतो का? नव्या खेळाडूंच्या नोंदणीची मुदत कधी संपते? ज्या क्लबचे नाव घेतले जाते त्याच्याकडे त्या जागेवर आधीच किती खेळाडू आहेत? असा लेख अफवेच्या लाटेवरच वाचला जातो आणि अफवा खोटी ठरली तरी तो खोटा ठरत नाही. तुमच्या संकेतस्थळाची जुनी ओळख विश्लेषणाची आहे असे तुम्ही लिहिता. ती ओळख इथे थेट उपयोगाला येते.

बेटिंग कंपनीच्या कराराबाबत मात्र मी अधिक कठोर आहे. सर्वप्रथम, तुमचे वाचक ज्या देशात आहेत तिथे अशी जाहिरात करण्यास कायद्याची मनाई असेल, तर हा संपादकीय विवेकाचा प्रश्नच उरत नाही. वकिलाचा लेखी अभिप्राय घेतल्याशिवाय एक दुवाही देऊ नये. कायदा परवानगी देतो असे गृहीत धरले, तरी मोबदल्याच्या दोन पद्धतींतला फरक तुमच्या संपूर्ण डेस्कला समजायला हवा. एका पद्धतीत कंपनीकडे गेलेल्या प्रत्येक नव्या ग्राहकामागे ठरावीक रक्कम मिळते. दुसऱ्या पद्धतीत त्या ग्राहकापासून कंपनीला होणाऱ्या निव्वळ उत्पन्नातला टक्का मिळत राहतो. बेटिंग कंपनीचे उत्पन्न म्हणजे ग्राहकांनी लावलेल्या पैशातून त्यांनी जिंकलेले वजा केल्यावर जे उरते ते, अर्थात ग्राहकांचा तोटा. तुमच्या पत्रावरून ठरत असलेला करार या दुसऱ्या प्रकारचा दिसतो. याचा सरळ अर्थ असा की तुमचा लेख वाचून पैसे लावणारा वाचक जिंकला तर तुमचे उत्पन्न घटते आणि तो हरला, हरत राहिला, तर ते वाढते. ज्या वाचकाला तुम्ही सामना समजावून सांगता त्याच वाचकाच्या नुकसानीत तुमचा वाटा ठरलेला असणे, ही स्थिती कोणत्याही खुलाशाने किंवा टीपेने सुधारत नाही. या प्रकारच्या कराराला नाही म्हणा. इथे मधला मार्ग मला दिसत नाही.

पहिली पद्धत तुलनेने कमी घातक आहे, पण तिचाही लिखाणावर परिणाम होतो. सामन्यापूर्वीच्या लेखातले सर्वांत प्रामाणिक वाक्य पुष्कळदा "या सामन्याविषयी खात्रीने काही सांगता येत नाही" हेच असते. ज्या लेखाचा पैसा वाचकाने खाते उघडण्यावर मिळतो त्या लेखाला हे वाक्य परवडत नाही. तिथे ठाम अंदाज लागतो, घाई लागते, आणि "सर्वोत्तम बेटिंग कंपन्या" अशा याद्यांमध्ये कंपन्यांचा क्रम हळूहळू दलालीच्या क्रमाने लागू लागतो. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०१८ रोजी क्रीडा बेटिंगवरचा केंद्रीय कायदा रद्द केल्यानंतर हा पैसा तिथल्या क्रीडा माध्यमांत पुराच्या पाण्यासारखा आला. बेटर कलेक्टिव्ह या डॅनिश कंपनीचा मुख्य व्यवसायच बेटिंग कंपन्यांकडे ग्राहक पाठवण्याचा आहे, आणि तिने २०२१ मध्ये ॲक्शन नेटवर्क हे क्रीडा माध्यम २४ कोटी डॉलरना विकत घेतले. माध्यमाचा मालकच जेव्हा ग्राहक पाठवण्यावर जगतो, तेव्हा सामनानिश्चितीचे (मॅच फिक्सिंगचे) किंवा बेटिंगच्या व्यसनाचे प्रकरण त्याच भागीदार कंपनीच्या दारात येऊन थांबले तर ते कोण लिहिणार, हा प्रश्न प्रकरण घडण्याच्या आधी विचारावा लागतो. तो तुमच्या बैठकीत याच शब्दांत विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

जाहिरात घ्यायचीच ठरली, तर ती लेखाच्या मजकुराबाहेर, ठरावीक रकमेला, स्पष्ट नामनिर्देशासह असावी. सामन्याचे विश्लेषण करणाऱ्याने भाव लिहू नयेत. डेस्कवरील कोणीही, ज्या खेळाविषयी ते लिहितात त्या खेळावर पैसे लावू नयेत, आणि दुखापतींची वा संघनिवडीची जी माहिती प्रसिद्धीपूर्वी हाती येते ती बाहेर जाऊ नये. शेवटचा मुद्दा अनेक लहान संकेतस्थळांवर कोणी लिहून ठेवलेलाच नसतो, कारण पूर्वी त्या माहितीची बाजारात किंमत नव्हती. आता ती आहे.

"जाहिरात" हा शब्द न लिहिण्यामागे तुमच्या विक्री विभागाने दिलेले कारण पुन्हा वाचा. तसे लिहिले की लोक दुवा उघडत नाहीत. म्हणजेच मिळणारा पैसा वाचकाला ठाऊक नसण्याबद्दल मिळतो, हे विक्री विभागानेच कबूल केले आहे. तो शब्द लिहिण्याच्या बाजूने याहून चांगला युक्तिवाद मला सुचत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०१५ मध्येच स्पष्ट केले होते की बातमीसारखी दिसणारी जाहिरात ही जाहिरात आहे हे वाचकाला आधी आणि सहज कळले नाही, तर ती फसवणूक ठरू शकते. इतर अनेक देशांतील नियामक संस्थांची भूमिका याहून फारशी वेगळी नाही. व्यवस्थापनाला कायद्यापेक्षा शोधयंत्राची भाषा लवकर समजत असेल, तर तीही आहे. पैसे घेऊन दिलेल्या दुव्यांवर वेगळी खूण करण्याची सोय गूगलने सप्टेंबर २०१९ मध्ये केली. मार्च २०२४ मध्ये तर त्या कंपनीने, एखाद्या संकेतस्थळाच्या नावलौकिकाचा आधार घेऊन त्रयस्थांनी त्यावर चढवलेला व्यापारी मजकूर हा गैरप्रकार मानला जाईल असे धोरण जाहीर केले आणि मे २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू केली. शोधयंत्रातले स्थान घसरले तर हानी त्या एका कराराची होत नाही. तुमच्या सकाळच्या तक्त्यातला प्रत्येक आकडा कोसळतो.

त्रयस्थांच्या मजकुराने नावाचे काय होते हे १९५४ पासून चालत आलेल्या स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या अमेरिकी क्रीडा नियतकालिकाने अनुभवले आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये फ्यूचरिझम या संकेतस्थळाने उघड केले की स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडच्या संकेतस्थळावर काही वस्तूंची परीक्षणे अशा लेखकांच्या नावाने प्रसिद्ध होत होती, जे अस्तित्वातच नव्हते. त्यांची छायाचित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली होती. तो मजकूर एका बाहेरच्या कंपनीने पुरवला होता. प्रकाशक कंपनीने तो काढून टाकला आणि त्या कंपनीशी संबंध तोडला, पण तोवर दशकानुदशके मैदानावर उभे राहून लिहिणाऱ्यांच्या नावाशेजारी ती खोटी नावे जाऊन बसली होती, आणि आतल्या पत्रकारांनाच बाहेरच्या बातमीतून हे समजल्याने त्यांनी जाहीर संताप व्यक्त केला. वस्तूंची परीक्षणे म्हणजे खेळाच्या बातम्या नव्हेत, असे सांगून कोणाचे समाधान झाले नाही, आणि ते योग्यच झाले. तुमच्यासाठी यातून घेण्याजोगी गोष्ट अगदी व्यावहारिक आहे: तुमच्या संकेतस्थळावर जे काही प्रसिद्ध होते, मग ते विक्री विभागाने आणलेले का असेना, ते काढून टाकण्याचा अधिकार संपादकीय विभागातील एका व्यक्तीकडे नावानिशी असला पाहिजे.

वर्गणी हा उपाय तुमच्या मनात आला असेल. तो चांगला आहे. त्यातही दबाव आहेच, फक्त वेगळ्या प्रकारचा. डेडस्पिन सोडलेल्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये डिफेक्टर हे स्वतःच्या मालकीचे संकेतस्थळ काढले. त्याचे बहुतांश उत्पन्न वर्गणीतून येते आणि वर्षाचा हिशेब ते वाचकांसमोर मांडतात, याचे मला फार कौतुक वाटते. २०१६ मध्ये सुरू झालेल्या द ॲथलेटिक या क्रीडा संकेतस्थळाने संघासंघाला स्वतंत्र वार्ताहर देऊन वर्गणीदार गोळा केले, जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते ५५ कोटी डॉलरना घेण्याचे ठरवले, आणि जून २०२३ मध्ये सुमारे वीस जणांना कमी करून प्रत्येक संघामागे वार्ताहर ही मूळ कल्पनाच सोडून दिली गेली. वर्गणीचा पैसा निष्ठावान चाहत्यांच्या संख्येवर मोजला जातो. ज्या संघाचे चाहते थोडे, त्याच्या बातम्या आधी बंद होतात. ज्याचे चाहते पुष्कळ आणि तापट, त्याच्याविषयी कडू सत्य लिहिताना हात आखडतो. तरीही, पैसे देणारा आणि वाचणारा एकच असणे हे मला इतर सर्व पर्यायांपेक्षा निरोगी वाटते, कारण निदान कोणाची नाराजी पत्करतो आहोत हे उघड असते.

रेषा लिहून काढा, आणि करारावर सही होण्याआधी लिहा. सहीनंतर लिहिलेला नियम नेहमी करारातल्या अटींना वळसा घालून जातो. एक पान पुरे. त्यात कोणत्या पद्धतीचा मोबदला संस्था घेणार नाही, जाहिरात कशी ओळखू येईल, अफवेची मूळ बातमी कशी सांगितली जाईल, चूक झाली तर दुरुस्ती कुठे दिसेल आणि अंतिम निर्णय कोणाचा, एवढे यावे. ते संकेतस्थळावर वाचकांना दिसेल असे ठेवण्याचा आग्रह धरा. अंतर्गत सूचना रातोरात बदलता येते; वाचकांना दिलेला शब्द बदलायचा तर वाचकांना सांगावे लागते, आणि तेवढ्याने बरेच मोह आवरतात. व्यवस्थापनासमोर एकटे जाऊ नका, आणि "हे अनैतिक आहे" या वाक्याने सुरुवात करू नका. परत येणाऱ्या वाचकांचे आकडे, कायद्याची जोखीम, शोधयंत्राची जोखीम, आणि बदली उत्पन्नाचा एक तरी प्रस्ताव हातात घेऊन जा: मजकुराबाहेरची ठरावीक रकमेची जाहिरात, एखाद्या स्पर्धेच्या वार्तांकनाला उघड प्रायोजक, विश्लेषणाच्या लेखांना वर्गणी.

नोकरी सोडण्याविषयी. प्रत्येक पराभव राजीनाम्याच्या लायकीचा नसतो. मथळ्यांवरून, जाहिरातींच्या जागेवरून, कोणता सामना घ्यावा यावरून तुम्ही भांडाल आणि कित्येकदा हराल. त्यासाठी जागा सोडलीत तर तुमच्या जागी न भांडणारा कोणी येईल. त्याच्या वरची पायरी म्हणजे आपले नाव काढून घेणे. बेटिंगचा दुवा घातलेल्या लेखावर माझे नाव नको, असे शांतपणे आणि लेखी सांगता येते, आणि अनेक जणांनी सांगितले तर त्या लेखांना लेखकच उरत नाही. सोडून जाण्याची वेळ येते ती खोटे आहे हे ठाऊक असलेले प्रसिद्ध करायला लावले जाते तेव्हा, जाहिरात ही बातमी म्हणून तुमच्याच नावाने खपवली जाते तेव्हा, किंवा भागीदारासाठी खरी बातमी दडपली जाते तेव्हा. डेडस्पिनच्या राजीनाम्यांना वजन आले ते सर्वजण एकत्र गेल्यामुळे, आणि तरीही नवे संकेतस्थळ उभे राहायला जवळजवळ वर्ष गेले. त्या काळात घर कसे चालेल याचा विचार करणे हा भित्रेपणा नव्हे. तुमच्या नेमणूकपत्रातील राजीनाम्याच्या पूर्वसूचनेचा (नोटिशीचा) कालावधी आणि नंतर संस्थेविषयी बोलण्यावर काही बंधन आहे का, ते आताच वाचून ठेवा.

तुमच्या बाबतीत तेवढी वेळ अद्याप आलेली नाही, कारण करार "ठरतो आहे" असे तुम्ही लिहिले आहे. त्या कराराचा मसुदा मागून घ्या आणि त्यातली दोनच कलमे शोधा: मोबदला कशावर मोजला जाणार ते सांगणारे, आणि प्रसिद्धीपूर्वी मजकूर पाहण्याचा वा त्यात बदल सुचवण्याचा कंपनीचा अधिकार सांगणारे. ग्राहकांच्या तोट्यातला टक्का आणि मजकूर पाहण्याचा अधिकार, या दोन गोष्टी काढल्यावरही कंपनी सही करायला तयार असेल, तर उरलेल्याविषयी बोलणी करता येतील. तयार नसेल, तर ती नेमके काय विकत घ्यायला आली होती हे तुमच्याबरोबर व्यवस्थापनालाही लेखी दिसेल.

कळावे.